भंडारदऱ्याच्या काठी तंबूतली रात्र : दोघांसाठी, कमी पैशात

निकाल आधी सांगून टाकू. मुंबई, पुणे किंवा नाशिकहून शनिवार-रविवारी दोघांनी पाच हजारांच्या आसपास डोंगरात तंबूत राहून यायचं असेल, तर भंडारदरा आजही पहिल्या पसंतीची जागा आहे. लोणावळ्याजवळच्या पवना धरणाचा काठ जवळ पडतो, पण शनिवारी तिथे तंबूला तंबू खेटलेला असतो आणि गाण्यांचा आवाज पाण्यावरून दूरपर्यंत येत राहतो. भंडारदऱ्याला गर्दी विखुरली जाते, कारण जलाशय मोठा आहे आणि त्याच्याभोवती शेंडी, मुरशेत, रतनवाडी, पांजरे, उडदावणे अशी बरीच गावं आहेत. इथे तुम्ही मोजता ते पैसे मात्र जागेचे आणि जेवणाचे असतात. झोपेची सोय त्या पैशात नीट झालेली नसते, ती आपली आपण करायची. एवढं लक्षात ठेवून गेलं तर सहल छान होते. न ठेवता गेलं तर रात्री दोन वाजता थंडीने दोघंही जागे असतात आणि सकाळच्या चहावर कोणी कोणाशी बोलत नाही.

सध्या काठावरच्या बहुतेक कॅम्पचा दर माणशी १००० ते १५०० रुपयांच्या दरम्यान असतो. त्यात संध्याकाळचा चहा आणि भजी, थोडं बार्बेक्यू, रात्रीचं जेवण, शेकोटी, तंबू, गादी किंवा मॅट, एक पांघरूण आणि सकाळचे पोहे-चहा येतात. दुपारी तीन-चारला आत, दुसऱ्या दिवशी अकराला बाहेर. बोट, गाडीने ने-आण, जादा पांघरूण यांचे पैसे वेगळे. शनिवारचा दर आणि रविवार रात्रीचा दर यांत चांगला फरक पडतो. सोमवारची रजा काढता येत असेल तर रविवारी दुपारी पोहोचा : तोच कॅम्प, तेच जेवण, पैसे कमी आणि पूर्ण काठावर दोन-तीनच तंबू.

काठाची निवड दरापेक्षा महत्त्वाची आहे. शेंडी हे धरणाशेजारचं मुख्य गाव. एसटी तिथवर येते, हॉटेलं आणि किराणा तिथेच. एसटीने येणाऱ्यांना शेंडीजवळचा कॅम्प सोयीचा, पण रस्ता जवळ असल्याने गाड्यांचे दिवे आणि हॉर्न रात्रीही चालू असतात. तिथून मुरशेतमार्गे रतनवाडीकडे जाऊ लागलं की काठ शांत होत जातो. मुरशेतच्या बाजूने पाण्यापलीकडे कळसूबाईची रांग दिसते. रतनवाडीला जलाशयाचं टोक आहे, मागे रतनगड उभा असतो आणि अमृतेश्वराचं देऊळ चालत गाठता येतं. दोघांनी निवांत राहायला जायचं असेल तर मुरशेत ते रतनवाडी हाच पट्टा धरावा. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, कडेला गुरं बसलेली असतात, त्यामुळे अंधार पडायच्या आत पोहोचायचं. शेंडीच्या पुढे मोबाईलची रेंज येते-जाते. रेंज गेली की यूपीआयही गेलं, म्हणून दोन-अडीच हजार रुपये रोख खिशात हवेतच.

फोटोत दिसतो तसा तंबूच्या दारात आलेला तलाव वर्षभर नसतो. हा जलाशय ज्याचा, ते विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, त्यात साधारण ११ टीएमसी पाणी मावतं आणि ते मुळात प्रवरेच्या लाभक्षेत्रातल्या शेतीसाठी आहे. पावसाळ्याच्या शेवटी जलाशय काठोकाठ असतो. मग शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटू लागतात तशी पातळी खाली जाते आणि काठावर चिखलाचा, नंतर भेगाळलेल्या मातीचा पट्टा उघडा पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जो तंबू पाण्यालगत होता तोच एप्रिलमध्ये पाण्यापासून बराच लांब दिसतो. कॅम्पवाल्याने फसवलं असं वाटून लोक चिडतात, पण यात त्याचा हात नसतो. पाणी जवळ हवं असेल तर ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबर हा काळ सर्वांत चांगला. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ, पण पहाटेचं तापमान एक आकडी होतं. फेब्रुवारीत थंडी सोसवेल इतकी आणि गर्दी कमी, म्हणून पहिल्यांदा तंबूत राहणाऱ्या जोडप्याला फेब्रुवारीच सुचवावा. मार्च-एप्रिलमध्ये दुपार तापते, तंबूत दुपारी बसताच येत नाही.

मेअखेर ते पहिला जोरदार पाऊस पडेपर्यंत काजव्यांचा हंगाम. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका तालात उजळतात आणि विझतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मोबाईल बंद ठेवून नुसतं उभं राहायचं, मग पूर्ण झाड दिसतं. टॉर्च आणि फ्लॅश मारू नका. ती चमक म्हणजे नर-मादीचे इशारे असतात आणि उजेड पडला की ते थांबतात. या दिवसांत शनिवारी रात्री जलाशयाभोवतीच्या रिंगरोडवर गाड्या अडकून पडतात, म्हणून काजव्यांसाठी यायचं तर शुक्रवारी किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी यावं. आणि जून ते सप्टेंबर तंबू नकोच. घाटघर-रतनवाडी हा अहिल्यानगर जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा पट्टा आहे. कॅम्पवरचा साधा तंबू तो पाऊस झेलू शकत नाही, जमिनीतून पाणी वर येतं. पावसाळ्यात गावातल्या घरगुती खोलीत किंवा एमटीडीसीच्या निवासात राहून धबधबे पाहावेत.

तारखेबद्दल आणखी एक. बुकिंग करण्याआधी कालनिर्णय उघडून तिथी बघा. तारे बघायचे असतील तर अमावस्येच्या जवळचा शनिवार घ्या. हिवाळ्यात संध्याकाळपासूनच कृत्तिका, रोहिणी, मृग ओळीने वर येताना दिसतात. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर तारे फारसे दिसत नाहीत, पण टॉर्चशिवाय काठावर फिरता येतं आणि समोरचा डोंगर पाण्यात उतरलेला दिसतो. दोन्ही छान, पण एक धरून आलेल्याला दुसरं मिळालं की हिरमोड होतो.

बुकिंगमध्ये सगळ्यात जास्त गडबड होते ती एजंटमुळे. इंटरनेटवर जे क्रमांक मिळतात त्यातले अनेक कॅम्पच्या मालकाचे नसतात. एजंट आगाऊ रक्कम घेतो, कमिशन कापतो आणि ज्याच्याकडे जागा शिल्लक असेल त्याच्याकडे तुम्हाला पाठवतो. एकच फोटो पाच वेगवेगळ्या नावांच्या कॅम्पवर दिसला तर ते एजंटचं काम समजा. म्हणून फोनवर पहिला प्रश्न, ‘दादा, कॅम्प तुमचा स्वतःचा का? कुठल्या गावात?’ मग जागेचं लोकेशन आणि आजचा, मोबाईलवर काढलेला व्हिडिओ मागवा. जागेवर माणूस असेल तर तो दोन मिनिटांत पाठवतो. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका.

त्यापुढे विचारायचं : तंबू किती माणसांचा, दोन तंबूंत अंतर किती, त्या रात्री एकूण किती लोक आहेत, संडास किती आणि तंबूपासून किती लांब, स्पीकर किती वाजता बंद होतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ असं आलं तर दुसरा कॅम्प शोधा. रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. जो मालक हे स्वतःहून सांगतो त्याच्याकडे झोप लागते. संडासाचं गणित साधं : वीस माणसांमागे दोन तरी हवेत, त्यातला एक बायकांसाठी वेगळा, आतून लागणारी कडी आणि दिवा असलेला. कडी तुटलेली असणं ही या भागातल्या कॅम्पची नेहमीची तक्रार आहे. आल्याआल्या बघून सांगितलं तर दुरुस्त होते, रात्री अकराला सांगून काही होत नाही.

लग्न न झालेल्या जोडप्यांचा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो, पण फोनवर विचारायला संकोच वाटतो. दोघंही सज्ञान असतील तर एकत्र राहण्यात कायद्याची आडकाठी नाही. पण काही कॅम्प ‘फक्त फॅमिली’ म्हणतात आणि दारात आल्यावर परत पाठवतात. बुकिंगच्या वेळीच स्पष्ट विचारा आणि ‘चालेल’ हे उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. दोघांचंही ओळखपत्र लागतं, एकाचं चालत नाही. कॉलेजचं कार्ड नको, आधार किंवा वाहन परवाना ठेवा.

एकांताबद्दलही खरं बोलायला हवं. तंबू म्हणजे कापड. बोललेलं शेजारच्या तंबूत ऐकू जातं आणि आत दिवा लावला की आतल्या माणसांच्या सावल्या बाहेरून स्पष्ट दिसतात. संध्याकाळी एकाने आत दिवा लावून बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून बघावं, म्हणजे खात्री पटते. कपडे बदलायचे तर दिवा बंद करूनच किंवा दिवा जमिनीवर ठेवून त्यावर रुमाल टाकून. तंबू ओळीच्या टोकाचा मागा, शेकोटी आणि संडास या दोन्हींच्या वाटेपासून बाजूला. मधल्या तंबूवरून रात्रभर टॉर्च फिरत राहतात.

आता ‘कपल पॅकेज’. यात माणशी दरावर आठशे ते दीड हजार रुपये जादा घेऊन फुगे, दिव्यांच्या माळा, गुलाबाच्या पाकळ्या, छोटा केक आणि काठावर टेबल मांडून मेणबत्त्या देतात. आमच्या मते हे पैसे वाया जातात. काठावर वारा असतो, मेणबत्ती पाच मिनिटंही टिकत नाही. फुगे फुटून त्यांचे तुकडे पाण्यात जातात, ते फार वाईट दिसतं. त्याच पैशात मोठा तंबू आणि दोन जादा पांघरुणं मागा. कोणताही मालक आनंदाने देईल आणि रात्र खरोखर सुखाची जाईल.

मोठा तंबू का, तर हिशोब असा. ‘दोन माणसांचा’ तंबू म्हणजे आतून साधारण सव्वाशे ते दीडशे सेंटीमीटर रुंद. एक मॅट साठ सेंटीमीटरची. दोन मॅट टाकल्या की कापडाला खांदे लागतात, सामानाला जागा राहत नाही. कापडाला अंग लागलं की तिथून ओल येते. म्हणून दोघांना तीन किंवा चार माणसांचा तंबू हवा. आठवड्यात मोठे तंबू रिकामेच असतात, शनिवारी आधी सांगून ठेवावं लागतं.

पोहोचल्यावर चहा नंतर, आधी उजेडात अर्धा तास तंबूवर घालवा. दोघंही आत जाऊन आडवे व्हा. उताराने अंग एका बाजूला जात असेल तर तंबू फिरवून घ्या, डोकं चढाच्या बाजूला आलं पाहिजे. नुसतं बघून हा उतार कळत नाही, झोपल्यावरच कळतो. दोन्ही चेन पूर्ण लावून-उघडून बघा. चेनचे दात सुटलेले असतील तर रात्री दार उघडं राहणार आणि कुत्री आत येणार. या काठावरची कुत्री प्रेमळ आहेत, पण बिस्किटांचा पुडा आणि बाहेर काढून ठेवलेली चप्पल दोन्ही नेतात. बूट पिशवीत घालून आत ठेवा आणि सकाळी घालण्याआधी झटका. विंचू थंडीत आडोसा शोधतो.

मग खुंट्या. इथली जमीन वरून मातीची असली तरी चार-सहा बोटं खाली मुरूम किंवा खडक लागतो, त्यामुळे खुंटी पूर्ण जात नाही आणि कॅम्पवाले ती सरळ उभी ठोकून मोकळे होतात. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, दोरीशी साधारण काटकोन झाला पाहिजे. जिथे ती जातच नाही तिथे दोरी मोठ्या दगडाला दोन वेढे घालून बांधायची. बाहेरचं कापड आतल्या कापडाला कुठेही चिकटलेलं नको, दोघांत चार बोटांची फट दिसली पाहिजे. ही फट दोऱ्या ताणल्यावरच मिळते.

ती फट का महत्त्वाची ते पहाटे समजतं. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात बरीच वाफ बाहेर पडते. बाहेर गार असलं की ती कापडाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते. लोकांना वाटतं तंबू गळतो, पाऊस झाला की काय. पाऊस झालेला नसतो, दार आणि खिडक्या गच्च बंद केलेल्या असतात. थंडी असली तरी दाराची चेन वरून एक वीतभर आणि मागची जाळी उघडी ठेवायचीच. फार तर दोन अंश ऊब कमी होईल, पण पांघरूण कोरडं राहील आणि कोरडं पांघरूणच ऊब देतं. ओले टॉवेल आत वाळत घालू नका. एक जुना पंचा जवळ ठेवा, पहाटे आतलं कापड पुसून घ्यायला.

तंबूची जागाही याच कारणाने बघायची. अगदी पाण्यालगत दव सर्वांत जास्त पडतं. शिवाय रात्री डोंगरउतारावरची गार हवा जड होऊन खाली सरकते आणि सखल भागात साचते. पाण्यापासून पंचवीस-तीस पावलं मागे आणि कमरेइतकी उंच जागा मिळाली तर तीच घ्या, दृश्य तेच राहतं. दार पूर्वेकडे असेल तर सकाळचं ऊन थेट आत येतं आणि कापड लवकर वाळतं.

थंडीचा खरा चोर मात्र जमीन आहे. कॅम्पवर मिळणारी गादी पातळ असते, काही ठिकाणी हवेची गादी देतात. हवेची गादी बसल्यावर मऊ लागते, पण तिच्यातली हवा जमिनीच्या गारव्याने थंड होते आणि रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते. शिवाय हवा गार झाली की आकसते, म्हणून झोपताना टणक असलेली गादी तीन वाजता ढिली पडलेली असते. उपाय स्वस्त आहे : ट्रेकिंगवाले वापरतात ती फोमची कॅरीमॅट, आठ-दहा मिलिमीटर जाडीची, माणशी एक, घरून न्यायची आणि कॅम्पच्या गादीच्या वर टाकायची. खाली टाकली तरी चालते, पण वर टाकलेली जास्त उबदार लागते. हिवाळ्यात माणशी दोन असतील तर उत्तम. मॅट नसेल तर जाड सतरंजी आणि जुनं घोंगडं. घोंगड्याला आजही तोड नाही.

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर दोन तापमानं असतात, एक सुखाने झोप लागण्याचं आणि एक कसंबसं तग धरण्याचं. विकताना मोठ्या अक्षरात दुसरं लिहिलेलं असतं, आपण पहिलं वाचायचं. कॅम्पवरच्या बॅगा वापरून चपट्या झालेल्या असतात, डिसेंबरात त्या एकट्या पुरत नाहीत. दोन बॅगा जोडून एक करता येते, पण एकीची चेन डावीकडे, दुसरीची उजवीकडे आणि चेन एकाच मापाची असेल तरच. तशी जोडली तरी दोघांच्या खांद्यांमधून गार हवा आत शिरते, तिथे एक शाल कोंबावी. त्यापेक्षा सोपं म्हणजे आपापल्या बॅगेत झोपायचं आणि दोघांवर मिळून घरची एक जाड रजई टाकायची. अंगावर घातलेले दिवसभराचे कपडे घामाने दमट असतात. झोपण्याआधी कोरडे मोजे, कोरडी बनियन आणि कानटोपी घालणं हे एका जादा पांघरुणाइतकं काम करतं. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून पायाशी ठेवा. स्वयंपाकघरात मावशींना झोपायच्या वेळी मागितलं तर चुलीवरचं पाणी मिळतं.

एक गोष्ट मात्र कितीही थंडी वाजली तरी करायची नाही. बार्बेक्यूची शेगडी किंवा निखारे तंबूत न्यायचे नाहीत, दारातही ठेवायचे नाहीत. विझत आलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना धूर. झोपलेल्या माणसाला कळत नाही आणि तो उठत नाही. ही भीती घालण्यासाठी लिहिलेली ओळ नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

जेवण ही भंडारदऱ्याची जमेची बाजू. स्वयंपाक बहुतेक ठिकाणी गावातल्या बायकाच करतात. हा महादेव कोळी आणि ठाकर वस्तीचा भाग आहे, शेतात भात, नागली म्हणजे नाचणी, वरई. मेनूकार्डवरचं पनीर आणि फ्राइड राइस सोडा. आदल्या दिवशी फोन करून नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि गावठी कोंबडीचा रस्सा सांगून ठेवा. गावठी कोंबडीला शिजायला वेळ लागतो, आयत्या वेळी सांगून ती मिळत नाही, मग ब्रॉयलरच ताटात येते. नागलीची भाकरी तव्यावरून निखाऱ्यात उभी केली की फुगते, पापुद्रा सुटतो आणि कडेला थोडी करपलेली खमंग चव लागते. ती गरम असतानाच खायची, गार झाली की चिवट होते. म्हणून जेवण तंबूत मागवू नका. चुलीजवळ बसा, एकेक भाकरी ताटात येऊ द्या.

बार्बेक्यू बहुतेक वेळा तुम्हीच भाजायचं असतं आणि तिथे घाई होते. ज्वाळा असताना सळई ठेवली तर चिकन बाहेरून काळं आणि हाडाजवळ गुलाबी राहतं. कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, मग ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी फिरवा. तुकडा फाडून आत पाहिल्याशिवाय खाऊ नका. शाकाहारी माणसाला बटाटा, सिमला मिरची आणि अननसाचे चार तुकडे मिळतात. घरून पनीरला दही-मसाला लावून डब्यात नेलं तर त्याच शेगडीवर भागतं. पिण्याचं पाणी माणशी दोन-तीन लिटर स्वतःचं न्या. शेकोटीसाठी लाकूड कॅम्पकडूनच घ्यायचं, झाडाची फांदी तोडायची नाही. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, काही गावं त्याच्या हद्दीतच येतात. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशपावती घ्यावी लागते, ती जपून ठेवा. दारूच्या बाटल्या घेऊन नाका ओलांडण्याच्या भानगडीत पडू नका.

पाण्यात उतरू नका. काठ उथळ दिसतो, पण गाळात पाय रुततो आणि दोन पावलांवर एकदम खोल होतं, कारण हे धरणाखाली गेलेलं दरीचं रान आहे. बोटीत बसायचं तर लाइफ जॅकेट घातल्यावरच, दोघांनाही आणि नावाड्यालाही. भाडं बसण्याआधी ठरवा, माणशी की बोटीमागे ते स्पष्ट करून.

रविवारी फार काही गाठायला जाऊ नका. सातच्या सुमारास ऊन येतं, त्याआधी पाण्यावर धुकं असतं. चहा घेऊन तेवढं बघा. रतनवाडीच्या बाजूला असाल तर अमृतेश्वराचं देऊळ सकाळी आठच्या आत पाहावं. शिलाहारांच्या काळातलं मानतात. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम तिरप्या उन्हात जितकं उठून दिसतं तितकं दुपारी दिसत नाही. शेजारची पुष्करणी चुकवू नका, तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. रतनगड किंवा कळसूबाई करायचं असेल तर तो वेगळा दिवस धरा. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईला बारी गावातून चढायला तीन तास लागतात, अपुऱ्या झोपेनंतर ते जड जातं. सांदण दरीचा सुरुवातीचा भाग साम्रद गावावरून करता येतो, तोही पाऊस पूर्ण थांबल्यावर आणि गावातला वाटाड्या घेऊन.

येण्याजाण्याचं. मुंबईहून अंतर साधारण १६५ ते १८० किलोमीटर, नाशिकहून ७० च्या आसपास, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे २०० च्या घरात. मुंबईकडून घोटीपर्यंत महामार्ग, तिथून आत वळल्यावर शेंडी सुमारे ३५ किलोमीटर. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढे भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाल्याने कारवाल्यांचा कसारा घाट टळतो, पण दुचाकीला समृद्धीवर परवानगी नाही. दुचाकीवाल्यांनी जुन्या घाटानेच यायचं आणि शनिवारी सकाळी सातच्या आत ठाणं सोडायचं. पेट्रोल घोटीत भरून घ्या.

गाडीशिवायही जमतं आणि तेच सर्वांत स्वस्त. कसारा लोकल पकडा, कसाऱ्याहून नाशिककडे जाणाऱ्या शेअर जीपने घोटी, घोटीहून शेंडी किंवा राजूरची एसटी. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. दुपारी बाराच्या आत घोटी गाठली तर एसटीची चिंता राहत नाही, संध्याकाळी मात्र गाड्या विरळ होतात. शेंडीपासून कॅम्पपर्यंत कॅम्पवाल्याला दुचाकी किंवा जीप पाठवायला सांगा, आणि त्याचे पैसे आधी ठरवा.

हिशोब मांडला तर असा दिसतो. कॅम्प माणशी १२०० धरून दोघांचे २४००. दुचाकीला जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर, आठ लिटर पेट्रोल, साडेआठशे-नऊशे रुपये. वाटेतली दोन खाणी पाचशे-सहाशे, बोट आणि पावत्या तीनशे-चारशे. म्हणजे साडेचार हजारांच्या आत. लोकल आणि एसटीने आलात तर आणखी चारशे-पाचशे वाचतात. कारने पेट्रोल आणि टोल मिळून तीन हजारांच्या पुढे जातं, मग एकूण साडेसहा हजार होतात. तेव्हा आणखी एक जोडपं बरोबर घ्यावं आणि तंबू मात्र वेगळे, लांबलांब घ्यावेत.

निघताना तंबूची तपासणी आपणच करा : खिडकीच्या जाळीतल्या खिशात चार्जर, चष्मा, अंगठी राहून जाते. कचरा पिशवीत भरून घोटीपर्यंत बरोबर न्या. काठावरच्या गावांत तो शेवटी जाळला जातो किंवा पाण्यात जातो. पुण्याला परतणाऱ्यांच्या वाटेवर राजूर लागतं. तिथे पेढे घ्यायला गाडी थांबवा, राजूरचा पेढा प्रसिद्ध आहे, आणि अर्धा किलो घेतला तर घरी पोहोचेपर्यंत पाव किलो उरतो.